मालिका लिहिणाऱ्या बायका

२०२१ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये, दहा दिवसांच्या आत, आशियातल्या दोन मोठ्या लेखिका गेल्या. २६ मार्चला कराचीत हसीना मोईन आणि ४ एप्रिलला जपानमध्ये अतामी इथे सुगाको हाशिदा. मोईन यांचा जन्म १९४१ चा, कानपूरचा. फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेलं. हाशिदा १९२५ साली जन्मल्या त्या सोलमध्ये, कारण तेव्हा कोरियावर जपानची सत्ता होती. दोघींनी उभा जन्म टीव्हीसाठी लिहिलं. दोघींच्या मालिका लागल्या की त्यांच्या देशातली घरंच्या घरं टीव्हीसमोर बसत. आणि दोघींच्या मालिका त्यांच्याच नावाने ओळखल्या जात. दिग्दर्शकाचं नाव पुढे येई, पण नंतर.

मी गेली बरीच वर्षं जपानी, पाकिस्तानी, चिनी आणि सगळ्यांत जास्त कोरियन मालिका पाहत आले आहे. या मालिकांचा विषय आपल्याकडे निघाला की बोलणं देखण्या नायकांवर, पहिल्या बर्फात होणाऱ्या भेटींवर आणि वाफाळत्या रामेनवर थांबतं. ते सगळं त्यांत आहे, मलाही ते आवडतं. पण मला धरून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आशियातली टीव्ही मालिका जिथे जिथे उंचीला गेली, तिथे बहुतेक वेळा ती एका बाईने, एकहाती, शेवट ठरवून लिहिलेली होती. घरात कोण काय करतं, कुणाच्या ताटात काय पडतं, कोण उपाशी झोपतं, हे त्या मालिकांना दिसलं याचं कारण मला तिथेच सापडतं.

हाशिदांच्या ‘ओशिन’पासूनच सुरुवात करायला हवी. एनएचके या जपानी वाहिनीवर ४ एप्रिल १९८३ ला ती सुरू झाली आणि ३१ मार्च १९८४ ला संपली. रोज सकाळी पंधरा मिनिटं, असे २९७ भाग. जपानमध्ये तिची सरासरी प्रेक्षकसंख्या ५२.६ टक्के होती आणि एका भागाने तर ६२.९ टक्क्यांचा आकडा गाठला. पुढे ती साठाहून अधिक देशांत दाखवली गेली. इराणमध्ये, युद्धाच्या काळात, लोकांनी ती आपल्याच घरातली गोष्ट असल्यासारखी पाहिली.

यामागाता प्रांतातल्या कुळाच्या घरची सात वर्षांची मुलगी. घरात खाणारी तोंडं जास्त, भातात मुळा मिसळून तो पुरवायचा. आई पुन्हा गरोदर राहते आणि ते मूल पडावं म्हणून गोठवणाऱ्या नदीच्या पाण्यात जाऊन उभी राहते. ओशिन ते पाहते. मग तांदळाच्या एका पोत्याच्या बदल्यात ओशिनलाच लाकडाच्या व्यापाऱ्याकडे कामाला धाडलं जातं. मोगामी नदीतून तराफा निघतो, पोर आईबापाला हाका मारते, आणि बाप बर्फातून काठाकाठाने धावतो. जपानमध्ये हा प्रसंग माहीत नसलेला त्या पिढीतला माणूस विरळा. आजीने जाताना हातात ठेवलेलं पन्नास सेनचं नाणं पुढे त्याच पोरीवर चोरीचा आळ आणतं. हाशिदांना हे कल्पनेतून शोधावं लागलं नाही. मेईजी काळात जन्मलेल्या बायकांच्या आठवणी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या, त्यांतूनच ओशिन घडली.

मात्र मालिका या पोरीपासून सुरू होत नाही. पहिल्या भागात १९८३ साल आहे. ओशिन म्हातारी आहे, सुपरमार्केटच्या साखळीची मालकीण आहे, सतराव्या दुकानाचं उद्घाटन त्या दिवशी आहे आणि ती घरातून निघून गेली आहे. एवढं कमावताना आपल्या हातून काय सुटलं, हे तिला जुन्या गावी जाऊन शोधायचं आहे. म्हणजे शेवट पहिल्याच दिवशी प्रेक्षकाच्या समोर ठेवला. वर्षभर चालणारी रोजची मालिका, तरीही लेखिकेला कुठे पोचायचं ते पहिल्या सकाळपासून ठाऊक. ‘रोजची मालिका म्हटली की ती भरकटणारच’ असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ‘ओशिन’.

हसीना मोईन यांच्या लेखनाची जात वेगळी. त्यांच्या मुली हसतात, चिडवतात, नोकरी करतात आणि कुणाच्या दयेवर राहत नाहीत. ‘अनकही’, ‘तनहाइयाँ’ आणि १९८७ ची ‘धूप किनारे’ या पाकिस्तानच्या पीटीव्ही वाहिनीवरच्या मालिका व्हिडिओ कॅसेटवरून भारतभर पाहिल्या गेल्या. ‘तनहाइयाँ’तल्या दोन बहिणी आईबाप गेल्यावर गमावलेलं घर परत मिळवायला निघतात. ‘धूप किनारे’ची झोया डॉक्टर आहे, आणि तिचं प्रेम इस्पितळाच्या वॉर्डात, कामाच्या मधल्या वेळात फुलतं. राज कपूर यांनी ‘हिना’च्या संवादांसाठी मोईन यांनाच बोलावलं होतं. २०११ साली ‘धूप किनारे’वरून सोनी वाहिनीने ‘कुछ तो लोग कहेंगे’ केली. मूळ गोष्ट तेरा-चौदा भागांत संपली होती, इथे ती शेकड्यांनी भाग चालली. दोन्ही पाहिलेल्या माणसाला मला आणखी काही सांगावं लागत नाही.

मग २०१४ च्या जूनमध्ये ‘जिंदगी’ वाहिनी आली आणि उमेरा अहमद यांची ‘जिंदगी गुलजार है’ आपल्या घरांत पोचली. बापाने मुली झाल्या म्हणून टाकून दिलेली आई, शाळेत शिकवून तीन मुलींना वाढवणारी, आणि तिची हट्टी, कडू झालेली मोठी मुलगी कशफ. २६ भागांत सगळं आवरलं. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांनी तेव्हा पहिल्यांदा ‘मालिका संपते’ याचं सुख अनुभवलं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये, उरीच्या हल्ल्यानंतर, वाहिनीने पाकिस्तानी मालिका थांबवल्या.

चीनबद्दल थोडक्यातच सांगते. तिथल्या दोन गाजलेल्या दरबारी मालिका, राणीवशाच्या कारस्थानांची ७६ भागांची ‘एम्प्रेसेस इन द पॅलेस’ (२०११) आणि सूडाची, तरीही अत्यंत संयत अशी ५४ भागांची ‘निर्वाणा इन फायर’ (२०१५), दोन्ही बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून आल्या. ‘निर्वाणा’ची पटकथाही कादंबरीकार हाय येन हिनेच केली. ती सगळ्यांनी पाहावी.

आता कोरिया. तिथे लेखिकेचं राज्य सुरू झालं ते किम सू-ह्यून यांच्यापासून. (याच नावाचा तरुण नट आज जास्त प्रसिद्ध आहे, ही लेखिका १९४३ साली जन्मलेली.) त्यांच्या १९९१-९२ मधल्या ‘व्हॉट इज लव्ह’ या कौटुंबिक मालिकेची सरासरी प्रेक्षकसंख्या साठ टक्क्यांच्या जवळपास होती. एका घरात बाप हुकूमशहा, दुसऱ्या घरात मोकळं वारं, आणि या दोन घरांची सोयरीक. १९९७ साली ती चीनच्या सरकारी वाहिनीवर दाखवली गेली आणि कोरियन मालिकांची परदेशातली लाट तिथून सुरू झाली असं मानतात. याच लेखिकेने २०१० साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, जेजू बेटावरच्या एका भरल्या कुटुंबाच्या मालिकेत घरातल्या मोठ्या मुलाचं पुरुषावर प्रेम आहे हे शनिवार-रविवारच्या वेळेत, आजी-आजोबांसह बसलेल्या प्रेक्षकाला दाखवलं. घरोघरी जिचा शब्द मानला जातो, तिलाच हे करता येतं.

दूरदर्शनवर २००६ साली ‘घर का चिराग’ या नावाने हिंदीत आलेली मालिका काहींना आठवत असेल. ती किम यंग-ह्यून या लेखिकेची ‘दे जांग गम’. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली मुलगी पुढे राजाची वैद्य होते. जोसोन राजवटीच्या बखरींत या बाईचा उल्लेख थोड्याच ओळींचा आहे, लेखिकेने त्याचे ५४ भाग केले. आणि त्या ५४ भागांत कोरियन इतिहासातले राजे मागे राहिले. पुढे आल्या त्या भाजी निवडणाऱ्या, व्हिनेगरची चव पाहणाऱ्या, नाडी बघणाऱ्या बायका.

पुढे केबल वाहिन्या आल्या आणि सोळा भागांचा साचा पक्का झाला. आठवड्यातून लागोपाठ दोन रात्री, दर भाग तासाभराचा, आठ आठवड्यांत गोष्ट पूर्ण. मोठी लेखिका असेल तर जाहिरातीतच तिचं नाव येतं. ‘अमकीची पुढची मालिका’ एवढ्यावर लोक वाट बघतात. नो ही-क्युंग हे असं एक नाव. आईच्या मृत्यूनंतर तिने कॅन्सर झालेल्या आईवर एक छोटी मालिका लिहिली, १९९६ साली. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, तिने ‘डियर माय फ्रेंड्स’ लिहिली. तिच्यात बहुतेक मुख्य भूमिका साठी-सत्तरीच्या बायकांच्या आहेत. पुढे ऑस्कर मिळवलेली युन यो-जंगही त्यांत आहे.

या मालिकेबद्दल मी तासन् तास बोलू शकते. किम हे-जा या अभिनेत्रीने केलेली ही-जा नुकती विधवा झाली आहे, आणि तिची स्मृती हळूहळू जाऊ लागली आहे. रात्री ती घरातून निघते, पाठीवर उशी बांधून चालत राहते. ती उशी म्हणजे तिचं फार वर्षांपूर्वी गेलेलं तान्हं बाळ. तिची जिवलग मैत्रीण जंग-आ हिने हयातभर नवऱ्याचा कंजूसपणा आणि तिरसटपणा सोसला. जग दाखवीन असं त्याने लग्नात कबूल केलं होतं. म्हातारपणी, भांडणतंटा न करता, ती एके दिवशी वेगळी राहायला जाते. म्हातारा आधी चिडतो, मग भात लावायला शिकतो. लेखिकेने त्याला शिक्षा केली नाही आणि सोडूनही दिलं नाही. बायकांचं म्हातारपण आपल्या पडद्यावर एकतर आशीर्वाद देण्यापुरतं असतं नाहीतर कारस्थान करण्यापुरतं. इथे म्हाताऱ्या बायका गाडी चालवतात, दारू पितात, एकमेकींवर जुने हिशेब काढून ओरडतात आणि पुन्हा एकत्र जेवायला बसतात. कोरियातल्या एका मोठ्या वाहिनीने हे दाखवायचं धाडस केलं, कारण लेखिकेचं नाव नो ही-क्युंग होतं.

पार्क हे-यंग या लेखिकेची ‘माय मिस्टर’ (२०१८) अधिक नावाजलेली आहे. थकलेला, मधल्या वयाचा इंजिनिअर आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली, बहिऱ्या आजीला सांभाळणारी मुलगी यांच्यातली माया तिने कुठेही सवंग होऊ दिली नाही. पण मला तिची २०२२ ची ‘माय लिबरेशन नोट्स’ जास्त जवळची वाटते. सोलपासून लांब, ग्योंगी प्रांतातल्या एका गावी राहणारी तीन भावंडं. रोज जाऊन-येऊन त्यांचे कितीतरी तास प्रवासात जातात. रात्री घरी पोचतात तेव्हा दिवस संपलेला असतो. कर्जत किंवा विरारहून रोज मुंबई गाठणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वडील सिंक आणि कपाटं बसवतात, शेतीही करतात. आणि आई? आई शेतात असते, कारखान्यात हात लावते, आणि सगळ्यांच्या आधी आणि नंतर स्वयंपाकघरात असते. तेरा भाग ती तशीच दिसत राहते. कुणी तिच्याकडे निरखून बघत नाही. प्रेक्षकही नाही. मग एका दुपारी भात शिजायला ठेवून ती जरा आडवी होते आणि उठत नाही. भात करपायला लागतो.

त्यानंतर घरात काय होतं ते लेखिकेने फार शांतपणे लिहिलं आहे. जेवण कोण करणार हा पहिला प्रश्न येतो. मग एकेक काम उघडं पडत जातं: हे ती करत होती, तेही तीच. रडारड थोडी, पण एक माणूस गेल्यावर घराचा गाडा कसा जागच्या जागी थांबतो ते प्रत्येक चौकटीत दिसतं. तेरा भाग आपल्याकडून ते दुर्लक्ष करवून घेणं आणि मग त्याचा जाब विचारणं, यासाठी लेखिकेला आधीपासून चौदावा भाग माहीत असावा लागतो. दर आठवड्याच्या आकड्यांवर कथा वळवणाऱ्या पद्धतीत हा प्रसंग लिहिला जाणं शक्य नाही.

इम सांग-चुन हे टोपणनाव आहे. ही लेखिका स्वतःला लोकांसमोर आणत नाही. तिची ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’ २०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर आली, दर आठवड्याला चार असे सोळा भाग. जेजू बेटावरची, समुद्राच्या तळाशी श्वास कोंडून शिंपले गोळा करणारी आई, एकोणतिसाव्या वर्षी मरणारी. कविता लिहायची इच्छा असलेली तिची मुलगी ए-सुन. आणि तिची मुलगी, जिच्या शिक्षणासाठी ए-सुन राहतं घर विकते. तीन पिढ्या. यातला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सासरी पुरुषांचं ताट वेगळं, बायका आणि पोरी बाजूला. ए-सुनचा नवरा ग्वान-शिक पुरुषांच्या टेबलाशी बसलेला आहे. तो काही बोलत नाही. बसल्या जागी वळतो, पाठ पुरुषांकडे करतो आणि बायको-मुलीच्या टेबलावर जेवायला लागतो. आधी पुरुषांची पंगत आणि मग उरलंसुरलं बायकांना, हे पाहत मोठ्या झालेल्या आपल्या आयांना हे दाखवून बघा.

दोषही सांगायला हवेत, कारण ते खरे आहेत आणि लेखिकांच्या हातूनच झाले आहेत. श्रीमंत उद्योगपतीचा मुलगा आणि गरीब मुलगी हा साचा बायकांनीच वर्षानुवर्षं राबवला. मुलीचं मनगट धरून तिला ओढत नेणं म्हणजे प्रेम, असं वर्षानुवर्षं दाखवलं गेलं. स्मृती जाणं, जन्माची गुपितं, ऐन वेळी येणारा ट्रक, हे सगळं आहेच. २०१० मध्ये कार्यक्रमाच्या आतल्या जाहिरातींना कायद्याने मोकळीक मिळाली तेव्हापासून ऐन दुःखाच्या प्रसंगात पात्रं ठरावीक दुकानातलं सँडविच खाताना दिसतात. आणि लेखिकेचा शब्द अखेरचा, याची किंमत इतरांनी मोजली. पानं उशिरा यायची, कधी त्याच दिवशी सकाळी, आणि नट-तंत्रज्ञ रात्रंदिवस राबायचे. आठवड्याला ५२ तासांच्या कामाच्या कायद्यानंतर यात फरक पडला. आता बऱ्याच मालिका प्रसारणाआधीच पूर्ण होतात. मोठ्या नावांच्या हाताखाली राबणाऱ्या सहायक लेखिकांचे हाल हा वेगळाच विषय आहे, आणि त्यावर कोरियातही पुरेसं बोललं जात नाही असं माझं मत आहे.

एक अपवाद इथे नोंदवते, कारण तो माझ्या म्हणण्याला थोडा छेद देतो. ‘रिप्लाय १९८८’ (२०१५-१६) ही सोलच्या सांगमुन-दोंग वस्तीतल्या एका गल्लीची मालिका अनेकांची लाडकी आहे. संध्याकाळी प्रत्येक घरातून दुसऱ्या घरी भाजीचा वाडगा घेऊन पळणारी पोरं, मित्राला जामीन राहून तळघरात येऊन पडलेला बँकेतला बाप, मधली म्हणून सतत मागे राहणारी दक-सन. तिची लेखिका ली वू-जंग मनोरंजनाच्या कार्यक्रमांतून आलेली, आणि तिथल्यासारखंच चमूने बसून लिहिणारी. म्हणजे एकहाती लिहिणं हाच एक मार्ग नाही. पण शेवट इथेही आधी ठरलेला होता. तरुणांपैकी कुणाचं लग्न कुणाशी झालं हा प्रश्न पहिल्या भागात टाकला आणि त्याच्या आधारावर वीस भाग गल्लीतल्या आईबापांची गोष्ट सांगितली.

या लेखिका येतात कुठून? तिथल्या टीव्ही लेखकांच्या संघटनेची स्वतःची प्रशिक्षण संस्था आहे. वाहिन्या दरवर्षी पटकथा स्पर्धा घेतात, आणि जिंकणारीला आधी एकाच भागाची, स्वतंत्र गोष्ट लिहायला मिळते. ती जमली तर पुढे सोळा भाग. सीजे या समूहाने २०१७ पासून नव्या लेखकांना जागा, पैसे आणि शिकवणारी माणसं देणारी योजना चालवली आहे.

हे वाचताना मराठी माणसाला ओळखीचं वाटलं पाहिजे. एका बैठकीची, एका अंकाची गोष्ट लिहिणं आपल्याइतकं कुणी केलं आहे? पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे, मेघना पेठे यांनी घर, नवरा, आई, एकटेपण यांविषयी जे लिहिलं ते कोणत्याही भाषेला अभिमान वाटावा असं आहे. टीव्हीवरही आपल्याकडे उदाहरण होतं. १९९९ साली अल्फा मराठीवर प्रतिमा कुलकर्णी यांनी ‘प्रपंच’ केली. समुद्राकाठच्या एका घरातलं एकत्र कुटुंब आणि त्यातली साधी, खरी माणसं. ज्यांनी ती पाहिली त्यांना ते घर अजून आठवतं. दूरदर्शनने तर मालिकांची सुरुवातच तेरा भागांच्या हिशेबाने केली होती.

पुढे आपण दुसरी वाट धरली. २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून जास्त भाग चालली. आजच्या मालिकांच्या नामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. दर गुरुवारी टीआरपी येतो आणि ट्रॅक बदलतो. भागांची बँक संपत आली की हाताला येईल ते लिहावं लागतं; मग लीप घेतात, मेलेला माणूस परत आणतात. यात काम करणाऱ्या लेखिका कमी ताकदीच्या आहेत असं मी अजिबात मानत नाही. त्यांना शेवट लिहू दिला जात नाही, एवढंच आहे, आणि शेवट हातात नसला की मधली माणसंही हातात राहत नाहीत.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. एखाद्या मराठी वाहिनीने आठवड्यातला एक तास काढावा. सोळा भाग, एक लेखिका, शेवट आधी लिहिलेला, आणि जाहिरातीत तिचं नाव ठळक. एकांकिका स्पर्धांतून दरवर्षी पुढे येणाऱ्या मुलींमधून तिला शोधावं. आणि वाचकहो, तुमच्यासाठीही एक काम. या सुट्टीत आई, मावशी, सासू, शेजारच्या काकू यांच्यापैकी जी कुणी घरात असेल तिला घेऊन ‘डियर माय फ्रेंड्स’चा पहिला भाग लावा. भाग संपल्यावर नावं येऊ लागतात तेव्हा पुढचा भाग लगेच सुरू करू नका, लेखिकेचं नाव वाचा. मराठी मालिका पाहतानाही तेच करा, आणि एखादा प्रसंग आवडला तर तो जिने लिहिला तिच्या नावाने वाहिनीला पत्र पाठवा.